उडत्या तबकड्यांच्या बातम्या मुद्दाम पेरल्या जातात का?

प्रश्न : अमेरिकेच्या संसदेत गेल्या काही वर्षांत यूएफओंवर सुनावण्या झाल्या, आणि त्यावरून आमच्या घरात दोन तट पडले आहेत. मुलगा म्हणतो, परग्रहवासी येऊन गेले आहेत आणि सरकार ते दडवून ठेवते. माझे धाकटे बंधू म्हणतात, उलट सरकारच या बातम्या पसरवते, म्हणजे लोकांचे लक्ष खऱ्या गोष्टींवरून उडते. समाजाला हवे तसे वळवण्यासाठी यूएफओच्या बातम्यांचा वापर झाल्याचा काही ठोस पुरावा आहे का? की हीसुद्धा एक अफवाच?
– एक वाचक, सातारा

उत्तर : पुरावा आहे आणि तो कागदोपत्री आहे. पण त्यातून जे सिद्ध होते ते तुमच्या बंधूंच्या दाव्याइतके मोठे नाही. आकाशात काहीतरी दिसल्याच्या बहुतेक बातम्या कुणी पेरलेल्या नसतात. माणसांना खरोखर काहीतरी दिसलेले असते आणि ती माणसे ते प्रामाणिकपणे सांगतात. मात्र दिसलेल्या गोष्टीचा उलगडा होईपर्यंत जी पोकळी राहते, तिचा फायदा सरकारांनी, हेरखात्यांनी आणि पंथगुरूंनी घेतला आहे. कुठे ती पोकळी मुद्दाम तशीच राहू दिली गेली, कुठे तिच्यात खोटे भरले गेले. हे दोन प्रकार वेगळे आहेत, म्हणून तुमच्या प्रश्नाचे तुकडे करून उत्तर देतो.

आधी हे सांगा, मुळात लोकांना दिसते ते काय?

२४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाला वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट रेनियर पर्वताजवळ नऊ चकाकत्या वस्तू वेगाने जाताना दिसल्या. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘उडत्या तबकड्या’ म्हटले आणि त्यानंतर नोंदींचा ओघ सुरू झाला. १९६९ पर्यंतच्या १२,६१८ नोंदी अमेरिकी हवाई दलाच्या ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ने गोळा केल्या. त्यांतल्या ७०१ अनुत्तरित राहिल्या, बाकीच्यांपैकी बहुतेकांना तारे, शुक्र-गुरूसारखे ग्रह, उल्का, फुगे, विमाने यांपैकी काहीतरी कारण सापडले. एवढ्या नोंदी कुठलेही हेरखाते बनवून पसरवू शकत नाही. शेतकरी, पोलीस, वैमानिक, गृहिणी अशा सर्व थरांतल्या लोकांनी त्या स्वतः होऊन कळवल्या होत्या. ‘सगळे सरकारनेच रचले’ हे म्हणणे इथेच गळून पडते.

मग अमेरिकेच्या सीआयए या हेरखात्याला यात विशेष रस कधी निर्माण झाला?

जुलै १९५२ मध्ये. सलग दोन आठवड्यांच्या अखेरीस वॉशिंग्टन शहराजवळच्या रडारवर अनोळखी ठिपके उमटले, वैमानिकांना दिवे दिसले, लढाऊ विमाने धाडली गेली. २९ जुलैला हवाई दलाचे जनरल जॉन सॅमफर्ड यांनी पत्रकार परिषदेत सांगितले की, हवेच्या उष्ण-थंड थरांमुळे रडार फसले असण्याची शक्यता आहे. कोरियात लढाई चालू होती आणि सोव्हिएत रशियाकडे अणुबॉम्ब आलेला होता. सीआयएला परग्रहवासीयांची धास्ती नव्हती. तिला भीती होती ती अशा बातम्यांच्या पुराने संरक्षणाच्या संदेशयंत्रणा तुंबतील आणि खरा हल्ला त्या गर्दीत नजरेतून सुटेल याची. शत्रूने ही भीती मुद्दाम भडकवली तर काय, हाही प्रश्न होता. संचालक वॉल्टर बेडेल स्मिथ यांनी त्याच वर्षी मानसशास्त्रीय युद्धाची धोरणे ठरवणाऱ्या मंडळापुढे विचारासाठी मुद्दा ठेवला : या प्रकाराचा बचावासाठी किंवा चढाईसाठी उपयोग करता येईल का? तुमचा प्रश्न सत्तर वर्षांपूर्वी सत्तेच्या वर्तुळात गांभीर्याने विचारला गेला होता, याची ही नोंद आहे.

जानेवारी १९५३ मध्ये पदार्थवैज्ञानिक एच. पी. रॉबर्टसन यांच्या अध्यक्षतेखाली सीआयएने एक समिती बसवली. पुढे नोबेल पारितोषिक मिळालेले लुइस अल्वारेझ तिच्यात होते. निवडक नोंदी पाहून समितीने निष्कर्ष काढला की, या वस्तूंपासून देशाला थेट धोका नाही. शिफारस मात्र केली ती वस्तूंबद्दल नव्हे, माणसांबद्दल. या विषयाचे गूढ लोकांच्या मनातून उतरवावे, त्यासाठी चित्रवाणी, चित्रपट आणि मानसशास्त्रज्ञ यांची मदत घ्यावी, असे तिने सुचवले. डिस्नीचे नावही त्या चर्चेत आले. शिवाय यूएफओंचा अभ्यास करणाऱ्या नागरी संस्थांवर नजर ठेवावी, कारण एखादी मोठी घटना घडली तर जनमतावर त्यांचा प्रभाव पडू शकतो, असेही अहवालात होते.

म्हणजे सरकारी पातळीवरचा हा सुरुवातीचा प्रयत्न लोकांनी तबकड्यांवर विश्वास ठेवू नये यासाठी होता. उद्देश समजण्यासारखा असला तरी वाट चोरटी होती. उघडपणे खगोलशास्त्र शिकवणे आणि पडद्याआडून मन वळवणे यांत मोठे अंतर आहे. पुढच्या वर्षांत साक्षीदारांची टिंगल करणे हीच अधिकृत वृत्ती असल्याचा समज पक्का झाला. मार्च १९६६ मध्ये मिशिगन राज्यात अनेकांनी दिवे पाहिले, तेव्हा हवाई दलाचे सल्लागार जे. ॲलन हायनेक यांनी काही घटनांमागे दलदलीतला वायू असण्याची शक्यता सांगितली. लोक इतके दुखावले की त्यांचे प्रतिनिधी जेराल्ड फोर्ड, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी संसदेच्या चौकशीची मागणी केली. ज्याची चेष्टा झाली तो माणूस सरकारी उत्तर पुन्हा ऐकून घेत नाही. नंतर कुणी काहीही सांगितले तरी ते त्याला सरकारपेक्षा खरे वाटते. तबकड्यांच्या गोष्टी फोफावायला ही जमीन सरकारनेच नांगरून दिली.

गुप्त प्रकल्प झाकण्यासाठी या बातम्यांचे खरे कारण दडवले का?

होय, आणि त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण रॉसवेलचे आहे. ८ जुलै १९४७ रोजी न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेल हवाई तळाने ‘उडती तबकडी हाती लागली’ असे पत्रक काढले. वरिष्ठांनी लगेच दुरुस्ती केली की, तो हवामानाचा फुगा होता. तबकडी नव्हती हे खरे, पण साधा हवामानाचा फुगाही नव्हता. सोव्हिएत अणुस्फोटांचे ध्वनी उंच वातावरणात टिपण्यासाठी ‘प्रोजेक्ट मोगल’खाली फुग्यांच्या लांबलचक माळा सोडल्या जात होत्या, त्यांतल्याच एकीचे ते अवशेष होते. हवाई दलाने हे सविस्तर सांगितले १९९४ मध्ये, म्हणजे ४७ वर्षांनी. मधल्या काळात, १९७८ पासून, अवशेष गोळा करणारे अधिकारी जेसी मार्सेल सांगू लागले होते की, आपण उचलले तो हवामानाचा फुगा नव्हता. त्यांच्या शंकेत तथ्य होते. अधिकृत उत्तर खोटे होते हे एकदा दिसल्यावर लोकांनी त्या जागी परग्रहवासीयांची प्रेते कल्पिली. प्रकल्पाचे गुपित राखायला सांगितलेल्या एका छोट्या खोट्याने अर्ध्या शतकाची दंतकथा जन्माला घातली.

यू-२ या हेरविमानाची गोष्ट अशीच आहे. १९५५ मध्ये त्याची उड्डाणे सुरू झाली तेव्हा प्रवासी विमाने बहुधा २०,००० फुटांच्या खाली उडत. यू-२ ६०,००० फुटांच्या वर जाई. संध्याकाळी खालच्या वैमानिकाभोवती अंधार पडलेला असे, पण इतक्या उंचीवर ऊन असल्याने यू-२चे रुपेरी पंख झळकत. वैमानिक नोंद कळवत. ब्लू बुकचे अधिकारी सीआयएकडे उड्डाणांच्या वेळा ताडून पाहत, त्यांना उलगडा होई, पण कळवणाऱ्याला खरे कारण सांगता येत नसे. मग नैसर्गिक घटनेचे काहीतरी निमित्त पुढे केले जाई. इतिहासकार जेराल्ड हेन्स यांनी १९९७ मध्ये सीआयएच्याच नियतकालिकात लिहिले की, १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या आणि १९६० च्या दशकातल्या निम्म्याहून अधिक नोंदी हेरविमानांच्या होत्या. हे प्रमाण फुगवलेले आहे, असा आक्षेप काही अभ्यासकांनी घेतला आहे. दिशाभूल करणारी उत्तरे दिली गेली, हे मात्र त्या लेखातच मान्य केलेले आहे.

सोव्हिएत रशियात गप्प राहणे पुरेसे होते. २० सप्टेंबर १९७७ च्या पहाटे पेत्रोझावोद्स्क शहरावर किरणांचा वर्षाव करणारा एक प्रचंड तेजस्वी आकार शेकडो लोकांनी पाहिला. तो प्लेसेत्स्क तळावरून कॉसमॉस-९५५ हा उपग्रह घेऊन निघालेल्या अग्निबाणाचा झोत होता. प्लेसेत्स्क येथे असा तळ आहे हेच सरकार तेव्हा मान्य करत नव्हते, मग खरे कारण कसे सांगणार? लोकांनी तबकडीची चर्चा करावी, हे तळाची चर्चा होण्यापेक्षा परवडणारे होते.

पण लपवण्यापुढे जाऊन कुणाला जाणूनबुजून फसवल्याचा पुरावा आहे का?

आहे, आणि तुमच्या प्रश्नाचे मर्म मला इथे दिसते. न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की शहरात पॉल बेनेविट्झ नावाचे एक उद्योजक राहत. कर्टलंड हवाई तळाला लागूनच त्यांची उपकरणे बनवणारी कंपनी होती. १९७९ च्या सुमारास त्यांना तळाजवळच्या मांझानो डोंगरांवर विचित्र दिवे दिसू लागले. त्या डोंगरांत अण्वस्त्रांची कोठारे होती. बेनेविट्झ यांनी दिव्यांचे चित्रीकरण केले, रेडिओ संदेश टिपले आणि एका देशभक्त नागरिकाने जे करावे तेच केले : १९८० मध्ये हवाई दलाला सगळे कळवले.

तळावर चाललेल्या गुप्त कामांचेच काही संदेश त्यांच्या हाती लागले असावेत, अशी शंका तपास अधिकाऱ्यांना आली. ‘हे बघू नका’ एवढे सांगून काम भागले असते. त्याऐवजी हवाई दलाच्या विशेष तपास शाखेतले रिचर्ड डोटी यांनी बेनेविट्झ यांना पटवायला सुरुवात केली की, दिसते ते खरोखर परग्रहवासीयांचे आहे. बनावट कागद त्यांच्यापर्यंत पोहोचवले गेले. रॉसवेलवरच्या पहिल्या पुस्तकाचे सहलेखक विल्यम मूर हे डोटींना बातम्या पुरवू लागले आणि बेनेविट्झ यांच्या मनाची अवस्थाही कळवू लागले. डल्से गावाजवळच्या आर्चुलेटा डोंगराखाली परग्रहवासीयांचा भुयारी तळ आहे, अशी बेनेविट्झ यांची खात्री झाली. ते झोपेनासे झाले, घरात शस्त्रे बाळगू लागले आणि १९८८ मध्ये मन कोलमडून त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले. १ जुलै १९८९ रोजी लास वेगासमध्ये यूएफओ अभ्यासकांच्या परिषदेत मूर यांनी उभे राहून या खेळातला आपला वाटा कबूल केला. सभागृहात संतापाचा कल्लोळ झाला. बेनेविट्झ २००३ मध्ये वारले. डल्सेच्या भुयारी तळाची कथा मात्र आजही हजारो लोक खरी मानतात.

ही गोष्ट मी विस्ताराने सांगतो आहे, कारण ‘सामाजिक फसवणूक’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अस्पष्ट असा सगळा समाज येतो. इथे फसवणुकीला एक चेहरा आहे. आपल्याच सरकारवर विश्वास ठेवून माहिती देणाऱ्या एका माणसाचे मन त्याच सरकारच्या माणसांनी पोखरले. त्याच्या डोक्यात घातलेले विष पुढे पुस्तकांतून, चित्रपटांतून आणि व्याख्यानांतून ज्यांनी ते कधी मागितले नव्हते अशा लाखोंपर्यंत गेले. अशी खोटी माहिती ज्याच्यासाठी सोडावी त्याच्यापाशी थांबत नाही. म्हणून ‘राष्ट्राच्या सुरक्षेसाठी’ हे कारण मला या बाबतीत कधीच पुरेसे वाटले नाही.

हा एकच अपवाद होता, असेही म्हणता येत नाही. वॉल स्ट्रीट जर्नलने जून २०२५ मध्ये दिलेल्या वृत्तानुसार, १९८० च्या दशकात हवाई दलाच्या एका कर्नलने नेवाडातल्या ‘एरिया ५१’ या हवाई तळाजवळच्या एका बारमालकाला तबकड्यांची बनावट छायाचित्रे दिली होती. रडारला न दिसणाऱ्या विमानांच्या चाचण्यांवरून नजर हटावी, हा हेतू होता. हे उघडकीला आणणारी तपासणी अमेरिकी संरक्षण खात्याच्याच कार्यालयाने केली होती.

सरकारखेरीज आणखी कोणी याचा फायदा घेतला?

पंथांनी. नोव्हेंबर १९९६ मध्ये टेक्सासमधल्या एका हौशी निरीक्षकाने रात्रीच्या लोकप्रिय रेडिओ कार्यक्रमात सांगितले की, हेल-बॉप धूमकेतूमागे शनीसारखी एक वस्तू दिसते आहे. खगोलशास्त्रज्ञांनी लगेच दाखवून दिले की तो पार्श्वभूमीतला एक साधा तारा आहे. पण कॅलिफोर्नियातल्या ‘हेवन्स गेट’ पंथाचा गुरू मार्शल ॲपलव्हाइट त्याआधी वीस-बावीस वर्षे अनुयायांना सांगत आला होता की, आकाशयान आपल्याला न्यायला येईल. त्याला हवी असलेली खूण मिळाली. मार्च १९९७ मध्ये त्याच्यासह ३९ जणांनी सॅन दिएगोजवळच्या एका घरात आत्महत्या केली. रेडिओवर बोलणाऱ्याचा असा काही इरादा असल्याचा पुरावा नाही. ज्यांनी आपली बुद्धी आधीच गुरूच्या हवाली केली होती, त्यांच्यापर्यंत एक न तपासलेली बातमी पोहोचली, एवढे पुरले.

आपल्या देशात असे काही घडले आहे का?

मुद्दाम पेरलेल्या गोष्टीचे उदाहरण माझ्यापाशी नाही. पण पोकळी वेळेवर भरली तर काय होते, याची चांगली उदाहरणे आपल्याकडेच आहेत. २०१२ मध्ये लडाखमधल्या जवानांनी चीनच्या सीमेवर रात्री तेजस्वी वस्तू दिसल्याच्या शंभराहून अधिक नोंदी केल्या. चिनी ड्रोन असल्याचा संशय होता आणि तो तसाच वाढू दिला असता तर सीमेवर भलतेच काही घडले असते. लष्कराने बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतल्या शास्त्रज्ञांना बोलावले. त्या वस्तू गुरू आणि शुक्र असल्याचे त्यांनी दाखवून दिले. विरळ, स्वच्छ हवेत ते नेहमीपेक्षा कितीतरी ठळक दिसत होते.

२ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भातल्या अनेकांनी आकाशात जळत जाणारे गोळे पाहिले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात धातूचे मोठे कडे पडले. तो पृथ्वीवर परत कोसळलेल्या चिनी अग्निबाणाचा भाग असल्याचा अंदाज अंतराळ अभ्यासकांनी लगोलग जाहीर केला, आणि तर्ककुतर्कांना फार काळ वाव उरला नाही.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे काम. तिच्या हैदराबादच्या केंद्रातून मोठमोठे संशोधन-फुगे तीस-चाळीस किलोमीटर उंचीपर्यंत सोडले जातात. त्यांची उपकरणे पॅराशूटने तेलंगण, कर्नाटक, आंध्र आणि महाराष्ट्रातल्या शेतांत उतरतात. मोगलच्या फुग्यांशी त्यांचे नाते जवळचे, पण वागणे अगदी उलटे. संस्था आधीच वर्तमानपत्रांतून जाहीर सूचना देते : अशी वस्तू दिसली तर हात लावू नका, जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा. तरीही एखादे वेळी गावकरी चकित होतात. डिसेंबर २०२२ मध्ये तेलंगणच्या विकाराबाद जिल्ह्यात याच केंद्रातून सोडलेली एका परदेशी कंपनीची चाचणी-कुपी उतरली, तेव्हा लोक यूएफओ समजून जमले. पण खुलासा लगेच मिळाल्याने गोष्ट तिथेच मिटली. रॉसवेलला जे ४७ वर्षांत साधले नाही ते विकाराबादला एका दिवसात साधले, कारण लपवण्यासारखे काही नव्हते आणि काही लपवलेही नाही.

मग पुढच्या वेळी अशी बातमी आली तर काय करावे?

आधी एक सावधगिरी. वरची उदाहरणे वाचून ‘प्रत्येक बातमीमागे हेरखाते’ असे वाटू लागले, तर तोही एक सापळा आहे. सरकारने नाकारले तर दडवते, कबूल केले तर पसरवते, गप्प बसले तर कट शिजतो आहे, असे म्हणणारा सिद्धान्त कधीच खोटा ठरत नाही. जो खोटा ठरू शकत नाही, तो तपासताही येत नाही. तुमचे बंधू आणि तुमचा मुलगा या बाबतीत एकाच जागी उभे आहेत. दोघेही मानतात की सरकारला पूर्ण सत्य ठाऊक आहे. अमेरिकी संरक्षण खात्याच्या ज्या कार्यालयाने एरिया ५१ जवळची बनावट छायाचित्रे उघडकीला आणली, त्याचाच मार्च २०२४ चा अहवाल सांगतो की, परग्रहावरच्या तंत्रज्ञानाचा पुरावा सापडलेला नाही, आणि खऱ्याखुऱ्या गुप्त प्रकल्पांनाच अनेकांनी परग्रहवासीयांचे काम समजले. हा अहवाल पटो वा न पटो, तोही पुराव्यावरच जोखायला हवा.

म्हणून बातमीतल्या दोन गोष्टी वेगळ्या करा : कुणीतरी काय पाहिले, आणि त्यावरून आपल्याला काय मानायला किंवा करायला सांगितले जात आहे. पाहणाऱ्याला मान द्या, त्याची थट्टा करू नका. पण त्यापुढे जो कुणी पैसे, निष्ठा, भीती किंवा मौन मागेल, त्याच्याकडे पुरावा मागा. कागद दाखवला तर तो कुणाकडून आला आणि मूळ प्रत कुठे आहे, हे विचारा.

तुम्हाला स्वतःलाच काही दिसले तर आधी वेळ, दिशा, क्षितिजापासूनची उंची, रंग आणि किती वेळ दिसले हे लिहून ठेवा, मग दुसऱ्यांशी बोला. एका रांगेत सरकणारे ठिपके बहुधा स्टारलिंकचे उपग्रह असतात. संध्याकाळी पश्चिमेला न लुकलुकणारा फार तेजस्वी ठिपका बहुधा शुक्र असतो. नोंद पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेला किंवा मुंबईच्या खगोल मंडळाला दाखवली तर जाणकार मंडळी ती गांभीर्याने पाहतील. मुलाला आणि बंधूंना एका निरभ्र रात्री सोबत घेऊन जा. वादाचा निकाल लागेल असे नाही, पण आकाश ओळखता येणाऱ्याला फसवणे कुणालाही फार अवघड जाते.